अण्णा झोपलेत

आमच्या मिरजेच्या घरात दिवसा मोठ्याने बोलायला बंदी होती. दारात कुणी आलं की आम्ही भावंडं ओठांवर बोट ठेवून आधी तेवढंच सांगायचो, “अण्णा झोपलेत.” काय काम आहे ते नंतर. दळणाचा डबा पोचवणारा मुलगा, पेपरचं बिल न्यायला येणारे काका, समोरच्या वाड्यातल्या काकू, सगळे आमच्या उंबऱ्याशी आले की आपसूक आवाज खाली घेत. रद्दीवाला बोळाच्या तोंडाशी आरोळी ठोकायचा आणि आमच्या घरावरून मुकाट्याने पुढे जायचा. कुकरच्या शिट्या आई पहाटेच, अण्णा घरी पोचायच्या आत, उरकून घ्यायची. रेडिओ होता, पण तो लागायचा संध्याकाळी. तोवर त्याच्यावर भरतकामाचा रुमाल घातलेला असायचा, जणू त्यालाही निजवलंय.

अण्णा आरएमएसमध्ये सॉर्टर होते. हल्ली आरएमएस म्हणजे काय ते फोड करून सांगावं लागतं. रेल्वे मेल सर्व्हिस. रात्रीच्या गाडीला एक डबा टपालाचा असे. आत भिंतभर लाकडी खाने, वर पिवळे दिवे, आणि गाडी पळत असताना उभ्याउभ्या पत्रं लावणारी माणसं. थैली फोडायची, पत्रं ज्या त्या गावाच्या खान्यात टाकायची, गठ्ठे बांधायचे, पुन्हा थैलीत भरून सुतळी, लाख, शिक्का. पुढचं मोठं स्टेशन यायच्या आत थैली दाराशी तयार पाहिजे. या कामाला निघायचं म्हणजे ‘सेक्शनवर जायचं’. अण्णांची बरीच वर्षं लोंढ्याकडच्या सेक्शनवर गेली. मीटरगेजचा काळ होता. कधी लोंढ्यापर्यंत, कधी पुढे कॅसलरॉकवरून घाट उतरून थेट गोव्यात.

मी सातवीत असताना आमच्या वर्गातली एक मुलगी दूधसागर बघून आली आणि आठवडाभर दुसरं काही बोलली नाही. मी घरी येऊन अण्णांना विचारलं, तुम्ही तर नेहमीच तिथून जाता, कसा आहे हो दूधसागर?

अण्णा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “आवाज येतो.”

बस्स. शेकडो वेळा तो माणूस दूधसागरच्या समोरून गेला असेल. पण बाहेर काळोख, आत दिवे, हातात पत्रं, आणि घाटात डबा हलतो म्हणून नजर खान्यांवरून काढायची सोय नाही. आवाज येतो.

गोव्यातल्या कुळ्याच्या जंगलाच्या कडेला, २०१८च्या डिसेंबरात, आमच्या वाटाड्याने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं, तेव्हा माझ्या तोंडात पहिले आले ते तेच दोन शब्द. आले आणि मी गिळले. आम्ही पाच जण होतो. त्यातल्या चौघांच्या गळ्यात बाळाच्या पायाएवढ्या भिंगांचे कॅमेरे, आणि मी आपली नवऱ्याची जुनी दुर्बीण घेऊन आलेली. वाटाडा कुळ्याचाच, तिशीतला. त्याचे वडील रेल्वेत गँगमन होते, हे त्याने वाटेत सांगितलं आणि तिथून पुढे आमचं जरा जास्त जमलं. वेताच्या जाळीपुढे तो थांबला. एक गुडघा टेकला. “थंय पळयात,” अगदी हवेच्या आवाजात म्हणाला, आणि मग माझ्यासाठी मराठीत, “ताई, ती आडवी फांदी. तिला दोन सुकी पानं अडकलीत. ती पानं नव्हत.”

मला दोन सुकी पानंच दिसत होती. मिनिटभर, दोन मिनिटं. बाकीच्यांचे कॅमेरे खटखटायला लागले तरी मी पानांकडेच बघत होते. मग त्यातल्या एका पानाने श्वास घेतला.

मराठीत याला कुणी बेडूकमुखी म्हणतं, कुणी बेडूकतोंड्या; इंग्रजीत फ्रॉगमाऊथ. शास्त्रीय नावातही तोच बेडूक बसलाय: बॅट्राकोस्टोमस मोनिलिगर. बॅट्राकोस म्हणजे ग्रीकमध्ये बेडूक, स्टोमा म्हणजे तोंड. मोनिलिगर म्हणजे गळ्यात माळ घातलेला. मादीच्या गळ्याशी पांढुरक्या ठिपक्यांची एक ओळ असते, ती माळ. बेडूक आणि माळ एकाच नावात आणणाऱ्या माणसाला विनोदबुद्धी असणार, असं मला वाटलं होतं. नावाचा उत्तरार्ध एडवर्ड ब्लाइथचा. हा गृहस्थ एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होता. देशाच्या कानाकोपऱ्यातून, लंकेतून, ब्रह्मदेशातून लोक त्याला पक्ष्यांची वाळवलेली कातडी पाठवत आणि हा ती उलगडून, न्याहाळून, कुठली कुठल्या कुळात जाते ते ठरवून नाव लावत बसे. म्हणजे हाही सॉर्टरच. थैली फोडायची, खान्यात टाकायचं.

पक्षी केवढा? वितीएवढा. तेवीस सेंटिमीटरच्या आसपास, त्यातही बराचसा डोकंच. नर राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा, शेवाळलेल्या सालीसारखा. मादी तांबूस, जून झालेल्या सागाच्या पानाच्या रंगाची. दोघं एकमेकांना चिकटून बसली होती. चोची किंचित वर. डोळे मिटलेले म्हणावेत तर पापण्यांत एक बारीक फट होती आणि त्या फटीतून आमची मोजदाद चालली असावी. चोच चपटी, रुंद, टोकाला वाकलेली. ती मिटलेली असताना तिच्यावर इतके राठ केस येतात की चोच आहे हेच कळत नाही. धोका वाटला तर हा उडत नाही. मान हळूहळू, घड्याळाच्या काट्यासारखी वर उचलतो आणि तुटलेल्या फांदीचं खुंट होऊन बसतो. तेवढाच त्याचा बचाव.

दिसायला घुबडासारखा, पण घुबडाशी याचं काही नातं नाही. हा रातव्याच्या गोतावळ्यातला. त्याच गोतावळ्यात दिवसभर आभाळात भिरभिरणारी पाकोळी आहे, आणि अमेरिकेतला तो फुलाफुलांवर थरथरणारा हमिंगबर्डही. न्यू गिनीच्या डोंगरांत याचेच आणखी एक नातेवाईक राहतात, चेहरा पिंगळ्यासारखा आणि देह रातव्यासारखा. एवढ्या चपळ भाऊबंदांत हा असा ढिम्म कसा निपजला कोण जाणे. रातवा निदान उडता उडता जबडा उघडून किडे गोळा करतो, गाडीच्या दिव्यात त्याचे निखाऱ्यासारखे डोळे चमकतात, खेड्यातल्या माणसाला तो ठाऊक असतो. पिंगळ्याची तर गोष्टच वेगळी. त्याच्या नावाने पहाटे कंदील घेऊन फिरणारा भिक्षेकरी आहे, त्याच्या बोलण्यावरून भविष्य सांगतात. बेडूकतोंड्या मात्र फांदीवर बसून वाट बघतो. पतंग, भुंगे, टोळ, नाकतोडे, जे टप्प्यात येईल ते पानावरून, फांदीवरून, कधी जमिनीवरून उचलतो आणि परत बसतो. हे मी वाचलेलं. पाहिलेलं काही नाही. आम्ही कुणीच पाहिलं नाही.

तिथे जाळीसमोर बसल्या बसल्या मला हे पहिल्यांदा नीट कळलं. या पक्ष्याचा एखादा फोटो शोधा. तो झोपलेला असतो. दुसरा शोधा. झोपलेला. केरळातल्या तट्टेकाडला आता या पक्ष्यासाठी देशभरातून लोक येतात. सलीम अलींनी १९३३मध्ये त्रावणकोरच्या पक्ष्यांची पाहणी केली तेव्हा ती जागा त्यांच्या मनात भरली होती, आणि पुढे १९८३मध्ये तिथे पंचवीस चौरस किलोमीटरचं, त्यांच्याच नावाचं अभयारण्य झालं. तिथेही वाटाडे सकाळी नऊला लोकांना नेतात आणि झोपलेली जोडी दाखवतात. जोडी महिनोन्महिने त्याच ठिकाणी बसते, त्यामुळे वाटाड्यांना ती एखाद्या दुकानाच्या पाटीसारखी पाठ असते. लोक फोटो काढतात आणि ‘पाहिला’ असं वहीत लिहितात. मीही लिहिलं.

त्याच्या ऑस्ट्रेलियातल्या थोरल्या चुलत भावाची तर आणखीच गंमत. २०२१मध्ये जर्मनीतल्या दोघा संशोधकांनी इन्स्टाग्रामवरचे पक्ष्यांचे २७,००० हून अधिक फोटो तपासले, कुठल्या पक्ष्याला लोक सगळ्यात जास्त पसंती देतात ते बघायला. मोर नाही, हमिंगबर्ड नाही, पहिला आला फ्रॉगमाऊथ. न दिसणं हेच ज्याचं पोट भरण्याचं आणि जीव वाचवण्याचं साधन, त्याचाच फोटो लोकांना सगळ्यात जास्त आवडतो. आणि तोसुद्धा बहुतेक वेळा पेंगतानाच.

आमच्यातल्या एकाला झोपलेला नको होता. त्याला डोळे हवे होते. पिवळे, टपोरे, कॅमेऱ्यात बघणारे. त्याने आधी जिभेने टकटक केली. पक्षी हलले नाहीत. मग हळूच एक काटकी उचलली. वाटाड्याने त्याच्या मनगटावर हात ठेवला. काही बोलला नाही, नुसता हात ठेवला, आणि त्या माणसाने काटकी खाली टाकली. दहा मिनिटं झाली तशी वाटाड्याने आम्हाला उठवलंच. परतताना तो मला म्हणाला, “ताई, रातभर काम करून आलाय तो. आमचा बापूस रात्री लाइनीवर जायचा. सकाळी कोण दार वाजवायला आला तर आई विळा घेऊन धावायची.”

त्याच्या आईकडे विळा होता. आमच्याकडे नुसतं ओठांवरचं बोट होतं.

विणीचा हंगाम आपल्याकडे जानेवारी ते एप्रिल. मी त्याला विचारलं, फेब्रुवारीत आले तर घरटं दाखवशील का? तो सरळ नाही म्हणाला. दुसऱ्या कशासाठीही या, घरट्यासाठी येऊ नका. मग चालता चालता तळहाताचा खोलगट केला आणि म्हणाला, “एवढंच असतं.”

घरटं म्हणजे स्वतःच्याच अंगाच्या मऊ पिसांची एक गादी. तिला बाहेरून दगडफूल आणि सालीचे कपचे चिकटवलेले, म्हणजे लांबून फांदीला गाठ आल्यासारखं दिसावं. त्यात एकच पांढरं अंडं. आणि दिवसा त्या अंड्यावर नर बसतो. घरटं इतकं लहान की बसलेल्या नराखाली ते दिसतही नाही. बघणाऱ्याला वाटतं, फांदीवर एकटाच पक्षी झोपलाय. रात्री मादी पाळी करते, मग नर पोट भरायला निघतो. पिल्लू उडायला लागल्यावरही बराच काळ आईबापांच्या मधे दाटीवाटीने बसतं. आणि पिल्लू घरट्यातून गेलं की नर ते घरटं मोडून टाकतो, असंही पाहिलं गेलंय. पुढच्या वर्षी तीच फांदी, गादी नवी.

धाकटा झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिची रजा संपली आणि ती साडेदहाच्या शाळेला जायला लागली. आजी गावाकडे, पाळणाघर हा शब्द आम्ही ऐकलेलाही नव्हता. आई सांगायची, “अण्णा आहेत ना घरात.” अण्णा होतेच, पण झोपलेले. आतल्या खोलीच्या खिडकीवर घोंगडं टाकलेलं, सतरंजीवर अण्णा उजव्या कुशीवर, आणि त्यांच्या पोटाशी, हाताच्या कोंडाळ्यात, धाकटा. दुपारच्या सुट्टीत मी शाळेतून पळत घरी यायचे ते दोघांना बघायला. दार ढकलायचं, अंधाराला डोळे सरावेपर्यंत थांबायचं, मग आधी अण्णांचा पांढरा बनियन दिसायचा आणि बऱ्याच वेळाने त्यातून बाहेर आलेली एक मूठ. धाकट्याने चुळबुळ केली की अण्णा डोळे न उघडता थोपटायचे. बाटली द्यायची वेळ त्यांना घड्याळाशिवाय कळायची. आजूबाजूच्या बायका आईला म्हणायच्या, तुमचे हे म्हणजे नुसते झोपलेले असतात हो. आई हसायची. पुरुषाने दिवसा घरात झोपणं हे आमच्या बोळात फारसं प्रतिष्ठेचं नव्हतं, आणि पोराला घेऊन झोपणं तर नव्हतंच.

माझ्याही डोळ्यांसमोर अण्णा म्हटलं की झोपलेलाच माणूस येतो. त्यांचं काम मी एकदाही पाहिलं नाही. त्यांच्या बोटांना लाखेचा वास यायचा आणि अंगठ्याच्या पेराशी सुतळीने पडलेला घट्टा होता, तेवढा पुरावा. एकदाच, मी दहावीत असताना, ते काम घरात दिसलं. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाच्या पत्रिका टपालात टाकायच्या होत्या, दोनशे तरी असतील. सगळे जेवून हात धुवेपर्यंत अण्णांनी त्या जमिनीवर गावांप्रमाणे लावल्या होत्या. पत्ता वाचत असावेत असं वाटतच नव्हतं, पत्ते मांडावेत तशी पत्रिका हातातून सुटत होती. चारशे सोळा, चारशे अकरा, चारशे तीन. चारशे तीन म्हणजे गोवा. पिनकोड आला १९७२मध्ये. त्याच्या आधी हे सगळं कसं करत होता, असं मामाने विचारलं. अण्णा म्हणाले, “गावं पाठ होती.” मग त्यांच्या लक्षात आलं की सगळे बघतायत. ते संकोचले आणि उरलेला गठ्ठा आईकडे सरकवून हात धुवायला गेले.

या पक्ष्याच्या नावापुढे आपण श्रीलंकेचं नाव लावतो, पूर्वी सिलोनचं लावत होते. सह्याद्री आणि लंका, जगात एवढ्याच दोन ठिकाणी तो आहे. आपल्या बाजूला केरळपासून वर कर्नाटकात दांडेली-गणेशगुडीकडे, गोव्यात आणि तळकोकणात तिळारीच्या जंगलापर्यंत. कितीतरी वर्षं त्याला फार दुर्मीळ समजत होते. सुगतन या केरळी पक्षिशास्त्रज्ञांनी पश्चिम घाटात त्याच्या अधिवासाची पाहणी केली आणि बीएनएचएसच्या, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, जर्नलमध्ये १९८१ला ती प्रसिद्ध झाली. त्यानंतर लोक त्याला शोधायला शिकले, म्हणजे खरं तर ऐकायला शिकले. पक्षी होताच. मल्याळीत तर त्याला घरगुती नाव आहे, माक्काच्चिक्काडा. ‘माक्काच्चि’ म्हणजे बेडूक. तिकडच्यांनाही तोच बेडूक आठवला याची मला उगाच मौज वाटते.

संध्याकाळी आम्ही वाटाड्याच्या कुळागराच्या कडेला बसलो. कॅमेरेवाल्यांनी सामान बांधलं होतं, त्यांच्या लेखी दिवस संपला होता. समोर सुपारीची झाडं, पलीकडे ओहोळ, ओहोळापलीकडे जंगल. डिसेंबरात गोव्यात सहा वाजून गेले की उजेड भराभर आटतो. आधी रातकिडे लागले. मग वाटाड्याने मान तिरकी केली.

तो आवाज सांगायला कठीण आहे. आधी एक चित्कार, वरून खाली घसरत आलेला, आणि त्याच्या शेवटी ठसका, कुणाला हसता हसता उचकी लागावी तसा. भीतिदायक म्हणावा तर त्यात कसलातरी खट्याळपणा होता. “ती बायल,” वाटाडा म्हणाला, म्हणजे मादी. थोड्या वेळाने दुसऱ्या बाजूने भराभर, खरखरीत, चढत गेलेलं उत्तर. तो नर. दिवसभर चिकटून बसलेले दोघं आता ओहोळाच्या दोन काठांना होते. सकाळी पाहिलेल्या त्या दोन सुक्या पानांतून हा आवाज निघेल असं मला स्वप्नातही वाटलं नसतं.

मी फोन काढून रेकॉर्ड करायला लावला. चाळीसेक सेकंद झाले असतील, तेवढ्यात जमीन हलल्यासारखी झाली. कुळ्याच्या बाजूने मालगाडी निघाली होती. घाटाचा चढ सदतिसात एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. भरलेल्या गाडीला एकट्या इंजिनाने तो झेपत नाही. मागून ढकलायला आणखी इंजिनं लावतात. तो घरघराट जंगलात शिरला, भरून राहिला, हळूहळू वर सरकत गेला. मी रेकॉर्डिंग थांबवलं, वैतागून. वाटाडा हसला. “पक्षी नाही वैतागत,” म्हणाला. खरंच, गाडीचा आवाज विरायच्या आत मादी पुन्हा बोलली.

पुढे दोन वर्षांनी याच रुळांवरून गोवा पेटला. कॅसलरॉक ते कुळे दुसरा मार्ग टाकायचा, वर विजेची लाइन, वर महामार्गाचं रुंदीकरण, आणि हे सगळं भगवान महावीर अभयारण्यातून आणि मोलेच्या राष्ट्रीय उद्यानातून. करोनाच्या दिवसांतही लोक मेणबत्त्या घेऊन रस्त्यावर आले. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुहेरी मार्गाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. बातमी वाचून मला आनंद झाला आणि त्याच दमात ओशाळल्यासारखंही झालं. त्या एकेरी मार्गाच्या भाकरीवर मी वाढले. तो मार्ग टाकतानाही याच डोंगराचा कडा फोडला असणार, याच झाडांवर कुऱ्हाड चालली असणार. वाटाड्याला फोन केला तर तोही अर्धाच खूश होता. त्याच्या मेहुण्याला त्या कामावर लागण्याची आशा होती.

पण हे नंतरचं. त्या डिसेंबरात मी कुळ्याहून थेट मिरजेला गेले. अण्णा तेव्हा ऐंशी ओलांडलेले. निवृत्तीला वीस वर्षं उलटून गेली होती, मीटरगेज उखडून ब्रॉडगेज झाली होती, आई गेली होती, पण त्यांची झोप काही रात्रीत परत आली नव्हती. रात्री दीड-दोनला उठून बसायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्या त्यांनी डबीत नीट जमवून ठेवल्या होत्या. धाकटा सांगायचा, रात्री मी पाणी प्यायला उठलो की बाहेरच्या खोलीत काळोखात बसलेले दिसतात. दिवा लावू का विचारलं तर म्हणतात, कशाला?

त्या रात्री मलाही झोप आली नाही. बाहेर आले तर होतेच बसलेले, खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. मी शेजारी मोडा ओढून बसले. कुठे गेली होतीस वगैरे झालं. कुळ्याला गेले होते म्हटल्यावर ते जरा सरसावले. मग मी फोन काढला.

“अण्णा, हे ऐका. कशाचा आवाज आहे ओळखा.”

मी आवाज मोठा करून फोन त्यांच्या चांगल्या कानाशी धरला. रातकिडे. चित्कार. ठसका. पलीकडून खरखरीत उत्तर. पुन्हा चित्कार. आणि मग ती गाडी.

“पुन्हा लाव,” अण्णा म्हणाले.

पुन्हा लावलं. त्यांनी डोळे मिटले होते. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा उजव्या हाताची बोटं शालीवर ठेका धरत होती.

“मालगाडी आहे,” ते म्हणाले. “भरलेली. चढाला लागलीय. मागे इंजिनं आहेत, दोन तरी. ऐक, पुढचं आणि मागचं एका लयीत नाहीत.”

“अण्णा, पक्षी. तिथे एक पक्षी ओरडतोय, तो ऐकलात का?”

“असेल,” अण्णा म्हणाले. “कॅसलरॉकला गाडी थांबायची. आम्ही दार जरा उघडायचो, वारा यायला. तिथे काही ना काही ओरडायचंच.” थोडा वेळ थांबून त्यांनी विचारलं, “कसा असतो दिसायला?”

मी सकाळचा फोटो काढून दिला, कॅमेरेवाल्यांपैकी एकाने पाठवलेला. त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, जवळ आणला.

“यात तर झोपलाय,” म्हणाले.

फोन माझ्या हातात परत देऊन त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. अडीच वाजत आले होते. “जा, पड जा तू. प्रवासाची आहेस.”

मी आत जाऊन आडवी झाले. दार अर्धवट लोटलेलं होतं. बाहेर खुर्ची सरकली, मग स्वयंपाकघरात पावलं गेली. अण्णांनी दिवा लावला नाही. काडी ओढल्याचा आवाज आला, आणि मग चहाचं भांडं त्यांनी इतक्या हलक्या हाताने गॅसवर ठेवलं की ठेवलं की नाही, तेही मला नीटसं कळलं नाही.